भोसरीत हेल्पर मिळेनात. परदेशी माणूस कायद्याने कामावर ठेवता येतो का?

गाळा_नंबर_सात

मंडळी, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. ॲल्युमिनियम कास्टिंगचं मशिनिंग, फेटलिंग (ओतलेल्या भागाचं जादा धातू घासून काढणं), डीबरिंग (धारदार कडा साफ करणं) करतो, गिऱ्हाईक सगळं चाकणचं. हजेरीपुस्तकात सव्वीस माणसं आहेत. सकाळी आठच्या शिफ्टला त्यातली किती उगवतील, हे भोसरीच्या भैरवनाथालाही सांगता यायचं नाही.

छठला गावी गेलेली पोरं संक्रांतीपर्यंत येत राहतात. ती येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच होळी येते, आणि होळीला गेलेला माणूस गहू काढूनच परततो. खेड-जुन्नरकडची आपली पोरंही येतात, नाही असं नाही. आठवडाभर फेटलिंगची धूळ खातात आणि एक दिवस फोन बंद. मग तेच पोरगं दिसतं पाठीला किराण्याची बॅग लावून, लांडेवाडी चौकात सिग्नल तोडताना. ओळख दाखवतं, हात करतं. राग तरी कसा येणार? तिथे त्याला कोणी साहेब नाही, डोळ्यांत धातूची बर (कीस) उडत नाही. पण इकडे माझा डिस्पॅच अडकतो आणि चाकणहून रोज फोन येतो.

आता मुद्दा. एक ठेकेदार मागे लागलाय. "सेठ, बंगाल साईड के लडके है, आधार रेडी है, बारा हजार में बारा घंटा." मालदाचे आहेत म्हणतो. मालदात कुठले, असं विचारलं की हसतो.

दुसरं असं की, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) बसवायला तैवानहून एक सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा कारागीर, आला होता. पन्नाशीचा, अबोल माणूस. आमच्या सेटरला ज्या फिक्श्चरला (भाग पकडून ठेवणाऱ्या साच्याला) अर्धा दिवस लागतो ते त्याने चहा गार व्हायच्या आत लावून दिलं, वर आमच्या पोराला हातात हात धरून शिकवलंही. जाताना भाषांतराच्या ॲपवरून म्हणाला, नोकरी असेल तर सांगा, मला पुणे आवडलं. (पाऊस चालू होता, ट्रॅफिक बघितली नव्हती त्याने.)

तर खालच्या कामाला परदेशी हेल्पर आणि वरच्या कामाला हा सेटर, या दोन्ही गोष्टी सरळ मार्गाने होतात का? खर्च किती? लपवाछपवी नको आहे. मुलगी कॉलेजात आहे, मला पोलीस चौकीत बसायची हौस नाही.

उकडीचा_मोदक

सातसाहेब, पगार वाढवून बघितलात का? हा देशी उपाय अजून कायदेशीर आहे असं ऐकून आहे.

गाळा_नंबर_सात

वाढवला की. मग शेजारच्या गाळ्याने वाढवला. मग माझी दोन पोरं त्याच्याकडे गेली आणि त्याची दोन माझ्याकडे आली. चौघांचाही फायदा झाला, फेटलिंग तिथेच राहिलं.

हजेरीपत्रक

मी पिंपरीत लेबर कन्सल्टन्सी करते. पीएफ, ईएसआय (कामगार विमा), रजिस्टरं, इन्स्पेक्टर आले की फोन मला, असा धंदा. तुमच्यासारखे गाळेवाले हल्ली दर महिन्याला हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आखातात किंवा जपानात मजूर कमी पडले की बाहेरून आणायची सोय असते, तसा मजुरांसाठीचा व्हिसा भारतात नाही. आपला एम्प्लॉयमेंट व्हिसा आहे तो दुर्मीळ कसबासाठी. ज्या कामाला इथे पात्र भारतीय मिळतात त्या कामाला तो देत नाहीत. कारकुनी, नेहमीच्या साध्या कामाला तर नाहीच. आणि चाळणी म्हणून पगाराची अट आहे, वर्षाला १६.२५ लाख रुपयांपेक्षा जास्त. म्हणजे महिन्याला साधारण एक लाख पस्तीस हजार. परदेशी पद्धतीचं जेवण करणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक, दुभाषे अशांना यातून सूट आहे. फेटलिंगला नाही, कितीही धूळ असली तरी.

त्यामुळे तुमचा तैवानवाला बसतो का, तर बसू शकतो. एवढा पगार द्यायची तयारी हवी आणि असं कसब इथे का मिळत नाही हे कागदावर नीट मांडता यायला हवं. पण "इथे आहेच, तर राहू दे" असं चालत नाही. तो ज्या कामासाठी ज्या व्हिसावर आला तो तेवढ्यापुरताच. एम्प्लॉयमेंट व्हिसा मालकाला बांधलेला असतो, भारतात बसून मालक बदलता येत नाही. (एकाच समूहातल्या मूळ कंपनीतून उपकंपनीत जायला वाट आहे, ती तुम्हाला लागू नाही.) त्याला परत जाऊन तैपेईतल्या इंडिया-तैपेई असोसिएशनमधून नव्याने अर्ज करावा लागेल. सोबत तुमचं नेमणूकपत्र, करार, कंपनीची नोंदणी, त्याची शिक्षण-अनुभवाची कागदपत्रं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर इथे उतरल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. ती आता ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, ऑनलाइन होते.

आणखी एक, जे कोणी आधी सांगत नाही. परदेशी माणसाच्या पीएफला पंधरा हजारांची मर्यादा नाही. पूर्ण पगारावर कापायचा. १६.२५ लाखांवर तुमचा बारा टक्के वाटा महिन्याला १६,२५० रुपये होतो. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरवली होती, पण त्या निकालाच्या भरवशावर भोसरीत बसून पीएफ कमी भरू नका, नंतर व्याज नि दंड मला निस्तरावा लागतो.

खरं सांगू? त्या माणसाला वर्षातून दोनदा पाहुणा म्हणून बोलावण्यापेक्षा यंत्र विकणाऱ्या कंपनीकडून प्रशिक्षणाचे दिवस लिहून घ्या, पुढच्या ऑर्डरच्या करारातच. आणि हातात हात धरून शिकलेल्या त्या पोराचा पगार आजच वाढवा. उद्या तो सेटर म्हणून चाकणला जाईल आणि तुम्ही परत इथेच धागा काढाल.

आता ठेकेदार. त्याला आजच्या आज नमस्कार करा. बारा तासांना बारा हजार हा आकडाच सांगतो की जादा तासांचे दुप्पट पैसे त्याच्या हिशोबात नाहीत. बंगालचा माणूस भारतीय आहे, हवा तिथे काम करू शकतो, बंगाली बोलतो म्हणून कोणावर शंका घेणं मला मान्य नाही. पण ठेकेदारच गावाचं नाव सांगायला लाजतो तेव्हा प्रश्न ठेकेदाराचा असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू आहे, १९४६ चा जुना फॉरेनर्स ॲक्ट गेला. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. बनावट कागदांना त्याहून कडक, आणि मदत करणाराही त्यात ओढला जातो. "आधार रेडी है" हे वाक्य बचाव म्हणून उभं राहत नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलंय.

मग खालच्या कामाला परदेशी माणूस मिळतच नाही का? मिळतो. नेपाळ आणि भूतान. ३१ जुलै १९५० चा भारत-नेपाळ करार आहे, त्याच्या सातव्या कलमाने नेपाळी माणसाला इथे राहायला, फिरायला, धंदा-व्यापाराला आपल्या माणसासारखीच मुभा आहे. व्हिसा नाही, पगाराची अट नाही, १४ दिवसांची नोंदणी नाही. पीएफच्या योजनेत तर स्पष्ट शब्दांत आहे की नेपाळी आणि भूतानी कामगार भारतीय कामगारच मानायचा. म्हणजे तुमच्या इतर हेल्परचा जसा कापता तसाच पीएफ कापायचा. ईएसआय तसाच, किमान वेतन तसंच, नेमणूकपत्र तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र सगळ्यांनाच बंधनकारक केलंय, "आपला माणूस आहे, कागद कशाला" हे बंद करा.

एक विचारायचं राहिलं. राज्याच्या उद्योग प्रोत्साहन योजनेत काही सवलत घेतली आहे का? घेतली असेल तर ८० टक्के स्थानिक माणसांची अट तुम्हाला आहे. नेपाळी असो की बिहारी, तो उरलेल्या वीस टक्क्यांत मोजायचा.

खानावळवाली_पेठेतली

हजेरीपत्रक ताईंनी कायदा सांगितला, मी भांड्यांचा आवाज सांगते. सदाशिव पेठेत आमची खानावळ आहे, स्पर्धा परीक्षेवाली मुलं दोन वेळ जेवायला. आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायका सोडल्या तर मागचं सगळं स्वयंपाकघर नेपाळच्या अछाम जिल्ह्यातल्या पोरांवर चालतं. पहिला आला तो कुणाच्या तरी ओळखीने, मग त्याचा चुलतभाऊ, मग मेव्हणा. तुम्ही जाहिरात करून नेपाळी माणूस मिळत नसतो दादा. एक माणूस समाधानी ठेवा, बाकीचे त्याच्या फोनवर येतात. एक नाराज करा, सगळं गाव तुम्हाला ओळखून असतं.

पण एक विचारते, राग मानू नका. ही पोरं हॉटेलात, सोसायटीच्या गेटवर, बंगल्यावर का जातात ठाऊक आहे? तिथे जेवण आणि झोपायला जागा पगाराबरोबर मिळते. पगाराचा बहुतेक पैसा घरी जातो. तुमच्याकडे पगार आमच्यापेक्षा जास्त असेलही, पण भोसरीत खोलीचं भाडं, डिपॉझिट, गॅस, सगळं त्याने बघायचं म्हटल्यावर हातात काय उरतं? चार जणांना मिळून एक नीट खोली बघून द्या, भाडं तुम्ही भरा, एक वेळचं जेवण द्या. मग बघा थांबतात की नाही. आणि ती नीट असू द्या. गाळ्याच्या पोटमाळ्यावर पत्र्याखाली नको. आम्ही आधी तिथेच झोपवत होतो म्हणून सांगते, एप्रिलमध्ये पोरं भांडी घासायच्या ओट्यावर येऊन झोपायची.

घरमालक भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरायला लावतो, ती भरा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पैसे पाठवायचं म्हणाल तर, रिझर्व्ह बँकेची नेपाळला रक्कम पाठवायची सोय २००८ पासून आहे, आपल्या बँकेतून एनईएफटीनेच जाते. खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत, रोख भरून पन्नास हजारांपर्यंत. ही गोष्ट पोरांना कोणी सांगतच नाही. गोरखपूरच्या गाडीत कमरेला रक्कम बांधून रात्रभर जागी बसून जातात बिचारी. आमच्यातल्या एकाची गाडीत झोप लागली आणि कमरेची पिशवीच कापली, सहा महिन्यांची कमाई. त्यानंतर मी स्वतः बँकेत बसून त्यांचे फॉर्म भरले. बँकेतल्या मॅडमला तोवर ही सोय आहे हेच माहीत नव्हतं.

आणि दशैं! आपल्या दसऱ्याच्या आसपास येतो. त्या काळात नेपाळी पोरगा थांबवायला जाऊ नका. तुमची छठवाली पोरं त्याच्यानंतर जातात ना? मग त्यातच तुमचा मेळ बसतो. आधी हे जातील, परत येतील, मग ते.

डेर_डी_डास

मी जर्मन शिकवते, कर्वे रोडला. तुमचा धागा वाचून हसू आलं, कारण माझ्या वर्गात याच्या बरोब्बर उलटं नाटक चालतं. समोर बसलेली पोरं म्हणजे आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन, नर्सिंग झालेल्या मुली. तिकडच्या मालकाला माणसं मिळत नाहीत म्हणून तो पुण्यात व्हिडिओवर मुलाखती घेतो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला. आणि सातसाहेब, त्याच महिन्यात तुमच्या त्या सेटरच्या तैवाननेही भारताशी करार केला, आपले कामगार तिकडे न्यायचा! त्यांनाही माणसं कमी पडतात.

तिकडचा मालक काय करतो ते सांगते, कारण शिकण्यासारखं आहे. जर्मनीत कुशल माणसासाठी "आधी आपला जर्मन माणूस मिळतो का बघा" ही अट २०२० च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी उठली. घाई असेल तर मालक तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत ४११ युरो भरतो आणि जलद प्रक्रिया मागतो. मग पदवीची मान्यता, व्हिसाची पूर्वसंमती, सगळ्याला मुदती लागतात. अर्ज मालक करतो, माणूस नाही. नर्सला व्हिसासाठी बी-वन आणि पुढे पूर्ण मान्यतेसाठी बी-टू पातळीचं जर्मन लागतं. चांगली रुग्णालयं त्या वर्गाची फी भरतात, शिकण्याच्या काळात थोडे पैसेही देतात. वाईट मालक सगळा खर्च मुलीच्या गळ्यात घालतो आणि लवकर सोडलीस तर परत कर म्हणून करारात लिहितो. मुली करार घेऊन माझ्याकडे येतात, मी व्याकरण बाजूला ठेवून आधी ते पान वाचते.

जपानचंही तसंच. २०१९ पासून त्यांचा ठरावीक कौशल्यांचा व्हिसा आहे, जपानीची एन-फोर किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि कामाची परीक्षा द्यायची, पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण पहिल्या टप्प्यात बायको-मुलं नेता येत नाहीत.

इथे वाचणाऱ्या पालकांसाठी एक वाक्य. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट नोंदणीकृत असेल तर त्याला तीस हजार रुपये अधिक जीएसटी याच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. चार लाख मागणारा दिसला की सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. सापडत नाही, बहुधा.

उकडीचा_मोदक

म्हणजे भोसरीचा इलेक्ट्रिशियन जर्मनीला, जर्मनीचा पैसा खेडला, खेडचं पोरगं किराणा वाटायला, आणि फेटलिंगला अछाम. सातसाहेब, तुम्ही या साखळीत एकटेच जागेवर उभे आहात.

गाळा_नंबर_सात

मोदकराव, गाळ्याचं कर्ज आहे हो, कुठे जाणार?

ताई, उपकार झाले. ठेकेदाराला फोन केला, नको म्हणालो. तर म्हणतो, बाजूवाले सेठ लेते है. घेऊ दे. तैवानवाल्याचा नाद सोडला, सव्वीस जणांचा मालक एकाला एक लाख पस्तीस हजार देतोय म्हटल्यावर बाकीचे सव्वीस मला फेटलिंगला बसवतील. प्रशिक्षणाच्या दिवसांचं मात्र विक्रेत्याशी बोललो, नव्या मशीनच्या कोटेशनमध्ये घालतो म्हणाला. सरकारी सवलत घेतलेली नाही, तेव्हा ८० टक्क्यांचं झंझट नाही.

खानावळवाल्या वहिनी, लांडेवाडीत दोन खोल्या बघून ठेवल्यात. तुमच्या अछामवाल्यांपैकी कुणाचा भाऊबंद मोकळा असेल तर जरूर कळवा. तुमची माणसं पळवत नाही, शब्द देतो.

शेवटची शंका. नेपाळी पोरगा दारात आला तर मी नेमकं काय बघायचं? आधार नसेल तर?

हजेरीपत्रक

नागरिकता बघायची. नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र, किंवा पासपोर्ट. नागरिकता देवनागरीतच असते, त्यामुळे तुम्हाला स्वतःला वाचता येईल, एजंट लागत नाही. फोटो, जिल्हा, वडिलांचं नाव ताडून बघा. झेरॉक्स ठेवा, मूळ कागद त्याच वेळी त्याच्या हातात परत. "सुरक्षित राहील" म्हणून कपाटात ठेवणारे मालक मला भेटतात, त्यांना मी सरळ सांगते की तुम्ही माणूस ओलीस ठेवताय.

जन्मतारीख नीट बघा, इथेच लोक फसतात. ती विक्रम संवतात असते. साधारण सत्तावन्न वजा करायचे, आणि त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं हे लक्षात ठेवायचं. २०६० सालच्या बैशाखातला असेल तर आपल्या २००३ च्या एप्रिल-मे मधला. तेच २०६० च्या चैतातला असेल तर २००४ च्या मार्च-एप्रिलमधला, कारण चैत हा त्यांचा शेवटचा महिना. आणि नागरिकता सोळाव्या वर्षी मिळते. म्हणजे कागद खरा असूनही पोरगा सतरा वर्षांचा असू शकतो. तुमचं काम धोक्याचं आहे, ग्राइंडर आहे, धूळ आहे. अठरा पूर्ण नसतील तर त्याला गाळ्यात उभंसुद्धा करू नका.

आधारचं म्हणाल तर, नेपाळी माणूस गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिला असेल तर आधार काढता येतं, ते दहा वर्षांपुरतं असतं. नसेल तरी पीएफ अडत नाही. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढायला हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवावा लागतो, पण नेपाळ-भूतानच्या लोकांना त्यातून सूट आहे, मालकाच्या लॉगिनमधून जुन्या पद्धतीनेच निघतो. तुमच्या माणसाला जमलं नाही तर ऑफिसला पाठवा. ईएसआयसाठी त्याच्या घरच्यांची नावंही घ्या, नेपाळात असली तरी. अपघात झाला तर वारस शोधत आपल्यालाच बसावं लागतं.

फेटलिंगला मास्क आणि चष्मा पहिल्या दिवशी द्या, आठवड्याने नाही. बोनस त्यांनाही लागू, तो दिवाळीला न देता ते दशैंला निघायच्या आधी द्या. आणि परतीच्या तिकिटाची तारीख विचारून घ्या, म्हणजे चाकणला काय सांगायचं ते तुम्हाला कळेल.